पुरुषांसाठी घरच्या जुन्या सामानातून गिफ्ट कसं बनवायचं (पहिल्यांदाच करणाऱ्यांसाठी)

बाबा, भाऊ, नवरा, मित्र, ऑफिसातले सर, कोणीही असो, पुरुषाला काय द्यायचं म्हटलं की आपली यादी शर्ट, पाकीट, परफ्यूम इथे येऊन संपते. आणि स्वतःच्या हाताने काहीतरी करायचं ठरवलं की सगळीकडे तेच ते, डब्याला रंगीत कागद लावून पेनस्टँड नाहीतर बाटलीला सुतळी गुंडाळून फुलदाणी. खरं सांगायचं तर हे त्या माणसाला नको असतं. तो तोंडावर छान म्हणतो, टेबलाच्या कोपऱ्यात ठेवतो, मग त्यात सुटी नाणी आणि वाळलेली बॉलपेनं साचतात आणि एक दिवस ते गुपचूप माळ्यावर जातं.

माझं मत असं की वस्तू शोधत बसूच नका, त्याचा पसारा शोधा. प्रत्येक पुरुषाची घरात एक जागा असते जिथे त्याचं सामान येऊन पडतं, कुणाचे पाने-पक्कड प्लास्टिकच्या पिशवीत कोंबलेले असतात, कुणाच्या बॅगेत चार्जरच्या वायरी इअरफोनमध्ये गुंतलेल्या, कुणाचं पाकीट नको त्या कार्डांनी फुगलेलं. त्या पसाऱ्याला घर बनवून द्या, बस. सजावट करायची गरज नाही, शिवण पक्की हवी आणि माप बरोबर हवं, एवढंच.

आधी दोन-तीन दिवस नुसतं बघा

सुरुवात कात्रीने करू नका. तो माणूस रोज खिशातून काय काढतो, कुठे ठेवतो, काय शोधत फिरतो ते बघा. आणि तो घरात नसताना माप घ्या. हे फार महत्त्वाचं आहे कारण अंदाजपंचे केलेली वस्तू हमखास अर्ध्या सेंटीमीटरने चुकते आणि मग सगळ्यात मोठी पक्कड बसतच नाही. शिवणकामाची टेप हवी, आणि गोल वस्तूचा घेर मोजायला साधा दोरा चालतो, गुंडाळायचा, खूण करायची, मग पट्टीवर ठेवून बघायचं.

अजून एक. ज्याला गिफ्ट द्यायचं त्याचीच जुनी जीन्स किंवा बॅग कापणार असाल तर आधी आडून-आडून विचारून घ्या. फाटलेली, विटलेली, पाच वर्षं न घातलेली जीन्ससुद्धा काही लोकांची लाडकी असते आणि मग गिफ्ट बाजूला राहतं, भांडण सुरू होतं.

घरात काय शोधायचं आणि काय सोडून द्यायचं

कामाचं सामान बहुतेक घरांत असतंच: जुन्या जीन्स, सुती शर्ट, लेदरची हँडबॅग किंवा बेल्ट, सायकलच्या पंक्चर ट्यूब, झाकणवाल्या काचेच्या बरण्या, मोडक्या ड्रॉवरच्या फळ्या, मुदत संपलेली प्लास्टिक कार्डं.

जीन्स घेताना आतलं लेबल वाचा. १०० टक्के कॉटन असेल तर उत्तम, त्यात २-३ टक्के स्ट्रेच असेल तरी चालेल, पण अंगाला चिकटणारी खूप ताणली जाणारी जीन्स या कामाला घेऊ नका, मशीनवर ती लाटांसारखी सुरकुतते आणि जड सामान ठेवलं की लोंबते. गुडघा आणि मांडीच्या आतली बाजू झिजलेली असते, ती उजेडासमोर धरून बघा, विरळ दिसली तर तो भाग बाद.

लेदर आणि रेक्झिन ओळखायला कापलेली कड बघायची. लेदरची कड तंतुमय, एकसलग दिसते, रेक्झिनच्या मागे विणलेलं कापड दिसतं. रेक्झिनचे पापुद्रे निघायला लागले असतील तर त्यावर अजिबात मेहनत घेऊ नका. तो वरचा थर एकदा सुटायला लागला की सुटतच जातो, तुम्ही कितीही सुंदर शिवलं तरी.

जुन्या रंगवलेल्या फळ्या पॉलिश पेपरने घासायच्या आधी थांबा. खूप जुन्या ऑइलपेंटमध्ये शिसं असू शकतं आणि ती धूळ नाकात जाणं वाईटच, म्हणून रंग न दिलेलं लाकूड घ्या. सामान येतं त्या पॅलेटची फळी मिळाली तर तिच्यावरचा शिक्का बघा, एचटी असेल तर ते लाकूड किडे मारायला नुसतं तापवलेलं असतं (आतपर्यंत ५६ अंश सेल्सिअस, ३० मिनिटं), एमबी असेल तर त्याला मिथाइल ब्रोमाइड या विषारी वायूची धुरी दिलेली असते, ते घरात आणू नका. आणि जुने कॉम्प्युटर उघडून त्यातली सर्किटची पाटी कापून की-चेन करायचा मोह बऱ्याच जणांना होतो, तोही टाळा, त्या पाटीत काचेचे तंतू असतात आणि कापताना त्यांची धूळ उडते.

गमाबद्दल थोडं, कारण नवीन लोक इथेच फसतात

एकच गम सगळ्याला चालत नाही. लाकूड, पुठ्ठा, कागद यांना फेविकॉलसारखा पांढरा गम, दाबून ठेवायचा आणि पूर्ण ताकद यायला एक दिवस द्यायचा. पण तो पाण्याने मऊ पडतो हे लक्षात ठेवा, ओल्या ग्लासाखाली जाणाऱ्या वस्तूला तो कामाचा नाही.

लेदर आणि रबर यांना चपलेला लावतात ते पिवळं सोल्युशन. ते लावायची पद्धत वेगळी आहे, दोन्ही बाजूंना पातळ थर लावायचा, १०-१५ मिनिटं तसंच ठेवायचं, बोट लावलं तर चिकटायला नको इतकं सुकू द्यायचं आणि मग एकमेकांवर दाबायचं. ओलं असताना चिकटवलं तर कधीच धरत नाही. आणि एकदा चिकटलं की सरकवता येत नाही, म्हणून नीट नेम धरून ठेवा. खिडकी उघडी हवी, गॅस किंवा मेणबत्ती जवळ नको, त्याच्या वाफा पेट घेतात.

फटकन चिकटणारा इन्स्टंट गम सुती कापडावर कधीही ओतू नका. ही गंमत नाही. तो गम कापूस किंवा लोकरीवर पडला की रिअॅक्शन होऊन इतकी उष्णता तयार होते की धूर निघतो आणि बोट भाजतं. जीन्सवर तर हमखास. कापड शिवायचं, चिकटवायचं नाही, असा साधा नियम ठेवा.

ग्लू गन मला फारशी आवडत नाही. पटकन होतं खरं, पण उन्हात उभ्या गाडीत ती वस्तू राहिली की गम मऊ होऊन जोड सुटतात.

जीन्सच्या पायाचा टूल रोल

टूल रोल म्हणजे हत्यारं कप्प्यांत लावून गुंडाळून ठेवायचं कापड. हे पहिलं करा. ज्याला घरातली छोटी दुरुस्ती करायची हौस आहे, सायकल किंवा बाइक आहे, किंवा नुसतं सगळे स्क्रू-ड्रायव्हर एका डब्यात कोंबून ठेवायची सवय आहे, त्याला हे नक्की लागतं. आणि जीन्सच्या पायात यासाठीचं जवळजवळ सगळं सामान आयतं असतं.

लागेल काय: एक पुरुषी मापाची जीन्स, मशीन किंवा जाड सुई, पॉलिएस्टरचा जाड दोरा, खडू, टेप, कात्री, हातोडी. मशीन असेल तर १६ नंबरची सुई लावा, साध्या कपड्यांची बारीक सुई जीन्सच्या जाड जोडावर मोडते.

१. पाय मांडीच्या वरच्या बाजूला आडवा कापून वेगळा करा. पायाला दोन शिवणी असतात, त्यातली एक बहुतेक वेळा जाड, दुमडलेली, दोन समांतर टिपांची असते आणि दुसरी साधी. त्या जाड शिवणीच्या दोन्ही बाजूंनी अगदी लगत कापत जा म्हणजे ती अख्खी पट्टी निघून येईल, साधारण ७५ सेंमी लांब. ती टाकू नका, तीच आपली बांधायची दोरी आहे. पाय आता उघडून सपाट होतो.

२. इस्त्री करा, आणि मग ६० सेंमी लांब, ४० सेंमी उंच असा आयत खडूने आखून कापा. पाय खाली निमुळता असेल आणि ४० भरत नसेल तर ३६ घ्या, चालतं, फक्त मग जरा आखूड हत्यारं बसतील.

३. साधी शिवण आता आयताच्या मधोमध आडवी दिसेल. उलट्या बाजूला तिची जी कड सुटी असते ती एका बाजूला दाबून त्यावरून एक टीप मारून घ्या. हे काम फालतू वाटतं आणि सगळे सोडून देतात, पण सोडून दिलं तर पक्कड आत सरकवताना तिचं टोक दर वेळी त्याच कडेत अडकतं.

४. वरची आणि खालची लांब कड दीड-दीड सेंमी दुमडून टीप मारा. कडांना आधी झिगझॅग किंवा ओव्हरलॉक केलं तर दशा निघत नाहीत. मशीन नसेल तर दोनदा दुमडा, कापड तेवढं जास्त धरा.

५. कापड निळी बाजू खाली करून पसरा आणि खालची कड १२ सेंमी वर दुमडा. हा झाला खिसा. आता मागची उंची साधारण २५ सेंमी राहते, म्हणजे १८ ते २० सेंमीपर्यंतची हत्यारं खिशात उभी राहतात आणि वरचा उरलेला भाग त्यांच्यावर झाकणासारखा खाली दुमडता येतो. वरचं झाकण विसरलात तर रोल उलटा धरल्यावर सगळं खाली येईल.

६. आता कप्पे. सगळे कप्पे सारख्या रुंदीचे करायचे नाहीत, ही चूक फार दिसते. प्रत्येक हत्याराच्या मुठीचा घेर दोऱ्याने मोजा, निम्मं करा, त्यात दीड सेंमी मिळवा, ती त्या कप्प्याची रुंदी. म्हणजे ८ सेंमी घेराची मूठ असेल तर ४ आणि १.५, साडेपाच सेंमी. टेस्टरला ३ सेंमी पुरतात, पक्कडीला ८ लागू शकतात. खडूने उभ्या रेघा आखा आणि दोन्ही टोकांना दोन-दोन सेंमी शिवणीसाठी सोडा. जाड हत्यारं शेजारी-शेजारी ठेवू नका, एक जाड एक बारीक अशी लावा, नाहीतर रोल एका बाजूने फुगतो.

७. मधल्या रेघांवर टीप मारा. टाक्याची लांबी ३ ते साडेतीन मिलिमीटर ठेवा. प्रत्येक कप्प्याच्या तोंडाशी उलट-सुलट तीनदा टीप मारून पक्कं करा, सगळा ताण तिथेच येतो. जिथे चार-पाच थर एकत्र येतात तिथे आधी हातोडीने दोन-चार ठोके देऊन जाडी दाबून घ्या आणि तेवढं अंतर मशीनचं चाक हाताने फिरवून पार करा, पायाने जोरात चालवलं की सुई गेलीच. हाताने शिवणार असाल तर उलटी टीप घाला, म्हणजे एक टाका पुढे जायचं आणि परत मागच्या टाक्याच्या टोकाशी सुई आणायची, वेळ लागतो पण मशीनपेक्षा कमी टिकत नाही. नुसता धावदोरा इथे पुरत नाही.

८. आता दोन्ही आखूड कडा आत दुमडून वरपासून खालपर्यंत टीप मारा, खिशाच्या बाजू त्यातच बंद होतात.

९. शेवटी ती काढून ठेवलेली जाड शिवणीची पट्टी. तिचा मध्य शोधा आणि रोलच्या एका आखूड कडेच्या मध्यावर, बाहेरच्या निळ्या बाजूला, चौकोन आणि त्यात फुली अशी शिवून टाका. दुसऱ्या कडेपासून गुंडाळत आणायचं, दोन्ही टोकं फिरवून गाठ मारायची. पट्टीच्या टोकांना एकेक गाठ बांधून ठेवा म्हणजे ती उसवत नाहीत.

बॅकपॉकेट कापून वर चिकटवा, लेस लावा, नाव भरा असले सल्ले तुम्हाला भरपूर मिळतील. मी म्हणेन नको. एखादं नाव आतल्या बाजूला छोट्या अक्षरात भरलं तर ठीक, बाहेर जीन्स जशी आहे तशीच देखणी दिसते.

शर्टच्या कफचं छोटं पाऊच

शिवणकाम अजिबात येत नसेल तर इथून सुरुवात करा. फुल शर्टाचा कफ म्हणजे दुहेरी कापड, आत कडकपणा, कडेला टीप, वर बटण आणि काजं, सगळं शिंप्याने आधीच करून ठेवलेलं असतं. आपल्याला करायचं काय तर बाही कफच्या अगदी कडेशी कापून टाकायची (कफची स्वतःची टीप तुटू द्यायची नाही), बटण लावायचं, म्हणजे गोल कडं तयार होतं, ते टेबलावर चपटं करायचं, बटण वरच्या एक-तृतीयांशात येईल असं सरकवायचं. आता समोर खालून वर आलेला भाग आहे आणि वरून खाली आलेलं झाकण. बटण काढा, झाकण उघडा आणि खालच्या भागाच्या फक्त दोन्ही बाजू मागच्या भागाला शिवून टाका. झालं. साधारण ११ सेंमी उंच पाऊच मिळतं, वायरचे इअरफोन, पेन ड्राइव्ह, चार्जिंगची छोटी केबल यांच्यासाठी. कफवर दोन बटणं असतील तर अजून बरं, आत सामान जास्त झालं तर सैल लावता येतं.

एका शर्टाचे दोन कफ, म्हणून दोन पाऊच. उरलेल्या पाठीच्या कापडातून ४० बाय ४० चा एक रुमाल सहज निघतो, कडा दोनदा बारीक दुमडून टीप मारली की झाला. मऊ पडलेल्या जुन्या सुती शर्टाचा रुमाल नव्या रुमालापेक्षा घाम चांगला टिपतो आणि चष्मा पुसायला तर फारच छान.

जुन्या लेदर बॅगचं कार्ड होल्डर

हे जरा सावकाश करायचं काम आहे पण मशीन लागत नाही, आणि दिसायला सगळ्यात भारी दिसतं. जगभर बँकेची कार्डं एकाच मापाची असतात, ८५.६ बाय ५४ मिलिमीटर, त्यामुळे इथे कुणाचं माप चोरून घ्यायची गरज नाही.

लेदरचे दोन तुकडे कापा, प्रत्येकी १० सेंमी रुंद, ६ सेंमी उंच. पट्टी स्टीलची घ्या आणि कटर नवीन पात्याचा, कात्रीने कड वेडीवाकडी येते. कटर एकदाच दाबून चालवू नका, हलक्या हाताने तीन-चार वेळा त्याच रेघेवरून न्या आणि दुसऱ्या हाताची बोटं पट्टीच्या मागे ठेवा. एका तुकड्याच्या वरच्या लांब कडेच्या मध्यावर नाण्याभोवती अर्धगोल आखून तेवढा भाग कापा, अंगठ्याने कार्ड वर सरकवायला. हा अर्धगोल सोडला तर कार्ड बाहेर काढताना अक्षरशः नखं मोडतात.

मग दोन्ही तुकड्यांच्या आतल्या बाजूला, खालची आणि बाजूच्या अशा तीन कडांना, ३ मिलिमीटरची पट्टी सोडून बाकी मध्ये गम लागणार नाही अशी काळजी घेत सोल्युशन लावा, सुकू द्या, नेमकं जुळवून दाबा.

भोकं. कडेपासून ४ मिलिमीटर आत एक रेघ दाबून काढा, त्यावर ग्राफ पेपरची पट्टी टेपने चिकटवा आणि दर ४ मिलिमीटरवर टोच्याने भोक पाडा, खाली जाड पुठ्ठा किंवा जुनी रबरी चप्पल ठेवा. तिन्ही बाजू मिळून शिवण २२ सेंमी भरते, म्हणजे ५५ च्या आसपास भोकं. टोच्या सरळ उभा धरायचा, तिरका गेला की मागच्या बाजूची रांग नागमोडी होते आणि ते लपत नाही.

दोरा शिवणीच्या चौपट घ्यायचा, इथे मीटरभर पुरतो. पॉलिएस्टरचा जाड दोरा मेणावरून दोनदा ओढून घ्या, दोन्ही टोकांना एकेक सुई ओवा. पहिल्या भोकातून दोरा घालून दोन्ही बाजूंना सारखा करा. आता पुढच्या भोकात डावी सुई उजवीकडे काढा, आणि त्याच भोकात उजवी सुई डावीकडे, मग दोन्ही टोकं सारख्या जोराने ओढा. सुई दुसऱ्या दोऱ्याला टोचून गेली नाही ना ते बघा, टोचली तर पुढे ओढ बसत नाही. क्रम मात्र बदलायचा नाही, दर वेळी डावी सुई आधी म्हणजे आधीच, तरच टाके एका दिशेला झुकलेले, एकसारखे दिसतात. चामड्याचं काम करणारे असंच शिवतात आणि याचा फायदा म्हणजे एक टाका कुठे तुटला तरी दुसरा दोरा धरून ठेवतो, मशीनच्या टिपेसारखी सगळी शिवण सरसर सुटत नाही. शेवटी दोन भोकं मागे या, दोरा २ मिलिमीटर ठेवून कापा, टोकाला लायटर नुसता दाखवा, वितळून बसतो.

कडा चकचकीत करायचे व्हिडिओ बघून निराश होऊ नका. ते वनस्पतींच्या सालीने कमावलेल्या चामड्यावर होतं, बॅगांचं लेदर बहुतेक क्रोमियमच्या क्षारांनी कमावलेलं असतं, ते घासून तसं होत नाही. बारीक पॉलिश पेपर मारा आणि सोडून द्या. सुरुवातीला कार्ड घट्ट बसेल, दोन कार्डं आत ठेवून रात्रभर पुस्तकाखाली दाबून ठेवा.

बरण्यांची फळी

खिळे, स्क्रू, नट-बोल्ट, फिशिंगचे हुक, पेंटिंगचे ब्रश-निब, ज्याला बारीकसारीक जमवायची सवय आहे त्या माणसाला हे द्या. एकसारख्या झाकणाच्या चार-पाच काचेच्या बरण्या, एक फळी. झाकणं फळीच्या खालच्या बाजूला स्क्रूने बसवायची आणि बरणी खालून फिरवून लावायची, सामान समोर दिसतं आणि टेबलावर जागा जात नाही.

बरणीचं लेबल कोमट पाण्यात अर्धा तास बुडवून निघतं, मागे चिकट थर राहतो त्याला तेल आणि खाण्याचा सोडा यांची पेस्ट चोळा, नंतर साबण. उकळतं पाणी थंड बरणीत ओतू नका, तडकते. झाकणाचा वास जात नसेल तर उन्हात उघडं ठेवा.

प्रत्येक झाकणाला दोन स्क्रू मारा, एक नाही, एका स्क्रूवर झाकण बरणीबरोबर गोल फिरत राहतं आणि बरणी कधी उघडतच नाही. स्क्रूची लांबी फळीच्या जाडीपेक्षा कमी हवी, डोक्याखाली वॉशर घाला. झाकणात आधी खिळ्याने भोक पाडताना खाली लाकूड धरा. दोन बरण्यांमध्ये मूठ जाईल एवढी जागा सोडा, लोक बरण्या खेटून लावतात आणि मग फिरवायला हात जात नाही. फळी भिंतीला लावणारा तोच असेल तर लावायचे स्क्रू आणि प्लगही बरोबर एका बरणीत घालून द्या.

पटकन होणाऱ्या गोष्टी

गिटार वाजवणारा असेल तर मुदत संपलेल्या प्लास्टिक कार्डाची पिकं, म्हणजे तारा छेडायच्या छोट्या चकत्या. कार्डाची जाडी पाऊण मिलिमीटरच्या आसपास असते, मीडियम पिकच्या जवळपास. जुनं पिक ठेवून आखा, चिप, काळी पट्टी आणि उठावाचे आकडे यांची जागा टाळा, कात्रीने कापा, कडा नेलफायलीने गोल करा आणि मग जीन्सच्या तुकड्यावर घासत बसा, कड खरखरीत राहिली तर तारेवर करकर आवाज येतो. उरलेल्या कार्डावरचा नंबर बारीक तुकडे करून वेगवेगळ्या वेळी टाका.

सायकलची ट्यूब साबणाने आतून-बाहेरून धुवा (आत पांढरी पावडर असते), वाळवा, व्हॉल्व्हचा भाग काढून टाका आणि कात्रीने आडव्या चकत्या कापत जा, अर्धा सेंटीमीटर रुंद. झाले रबरबँड, आणि ते साध्या रबरासारखे महिन्याभरात तुटत नाहीत. वायरी, गुंडाळलेले कागद, काहीही बांधता येतं. नुसते हेच देऊ नका पण दुसऱ्या गिफ्टबरोबर मूठभर घाला.

जुना लेदर बेल्ट असेल तर त्याच्या भोकांकडच्या टोकापासून १४-१५ सेंमीचा तुकडा कापा, दोन्ही टोकांना टिचबटणाचे दोन भाग बसवले की हेडफोनची वायर गुंडाळून बांधायला पट्टा झाला.

जीन्सच्या जाड शिवणींचे कोस्टरही करतात, पट्ट्या उभ्या धरून गोल गुंडाळत जायच्या आणि प्रत्येक फेरीला मागच्या फेरीशी दोऱ्याने टाके घालायचे. १० सेंमीच्या एका कोस्टरला सव्वादोन मीटर पट्टी लागते, म्हणजे तीन पाय. सहाचा सेट करायचा विचार असेल तर आधी जीन्स मोजा.

देताना

पॅकिंगला नवीन चकचकीत कागद आणायचा नाही हे वेगळं सांगायला नको. शर्टाची बाही कापा, एक टोक शिवा, वस्तू आत घाला, वर ट्यूबच्या रबराने बांधा. किंवा वर्तमानपत्र, पण पान बघून घ्या, श्रद्धांजलीचं पान वर येऊ देऊ नका.

टूल रोल रिकामा देऊ नका. त्याचीच हत्यारं कप्प्यांत लावून, गुंडाळून, नेहमीच्या जागी ठेवून दिलीत तर मजा वेगळी, आणि एखादा कप्पा रिकामा ठेवा, त्याची कुठली तरी हत्यारं शेजाऱ्याकडे असतातच. बरोबर छोट्या चिठ्ठीवर धुवायचं कसं ते लिहा: जीन्सची वस्तू पहिल्या दोन वेळा वेगळी धुवायची, रंग जातो, लेदरचं पाण्यात घालायचं नाही, ओल्या फडक्याने पुसून सावलीत वाळवायचं. आणि ज्या दोऱ्याने शिवलंत त्याचं हातभर वेटोळं त्या चिठ्ठीला टोचून द्या, टाका निघाला की तुम्हाला फोन येईलच.